कातकऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न : प्रस्तावना

उत्तरेस पालघर-ठाण्यापासून दक्षिणेस महाड-पोलादपुरापर्यंत पसरलेल्या, एका बाजूस सह्याद्रीची भिंत आणि दुसऱ्या बाजूस समुद्र लाभलेल्या, मुंबईसारख्या महानगराला लागून असलेल्या उत्तर कोकणात रोजगाराचे दुर्भिक्ष आहे असे कोणी सांगितले, तर परक्या माणसास ते सहसा पटणार नाही. तळोजे, पाताळगंगा, रोहे, नागोठणे, महाड येथे कारखाने उभे राहिले आहेत; न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे; कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर धनिकांची शेतघरे झाली आहेत; आणि या सर्वांना लागणारी वीट, रेती, खडी व मजुरी याच मुलखातून पुरविली जात आहे. असे असूनही या प्रदेशात एक जमात अशी आहे की, जिची असंख्य कुटुंबे दर वर्षी दिवाळी आटोपताच झोपडीच्या दाराला काटक्या लावून, मडकी-गोधडी डोक्यावर घेऊन आणि शाळेत जाणारी पोरे बरोबर ओढून घरापासून दूर जातात, आणि मृगाच्या तोंडावर परततात तेव्हा त्यांच्या हाती बहुधा रोकड नसते, फार तर पूर्वीचे देणे फिटल्याचे समाधान असते. ती जमात म्हणजे कातकरी. तिच्या रोजगाराचा आणि बेरोजगारीचा विचार करावयाचा, तर या दोन अवस्था तिच्या बाबतीत परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. आणि याच गोष्टीचा विस्तार करण्यासाठी मी ही प्रस्तावना लिहीत आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक भरते. त्यांचा मोठा भाग रायगड जिल्ह्यात आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या ठाणे व पालघर या दोन जिल्ह्यांत, राहतो. थोडे लोक पुणे, नाशिक, रत्नागिरी या जिल्ह्यांत व गुजरातेत आहेत. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींपैकी ज्या तीन जमातींना शासनाने आदिम म्हणून निराळे काढले, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्या जोडीस कातकरी आहेत. त्यांची बोली स्वतंत्र आहे. सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे त्यांच्यात मुख्य भेद आहेत. कुणबी, आगरी, कोळी, मराठा या समाजांच्या गावांत ते सर्वत्र विखुरलेले आहेत. परंतु कोणत्याही गावात ते गावकी चालविण्याइतके नाहीत. दहा-वीस झोपड्यांची वाडी, तीही गावाबाहेर, ओढ्याच्या काठी वा माळाच्या कडेला, अशी त्यांची वसती. वारली आणि ठाकर यांच्या पदरी निदान सलग पाड्यांचा आणि थोड्याफार जमिनीचा आधार राहिला. महादेव कोळ्यांना तर मावळखोऱ्यांत मानाचे स्थानही होते. कातकरी मात्र आदिवासींतही अखेरच्या पंगतीस बसला. अल्पसंख्य समाजातील हे अल्पसंख्यत्व ज्याने विचारात घेतले नाही, त्याला पुढील विवेचनाचा उलगडा होणार नाही.

रोजगार मोजण्याच्या पद्धतींविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. १९७० मध्ये प्राध्यापक दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने, भारतासारख्या देशात बेकारीचा एकच आकडा काढणे निरर्थक आहे असे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून राष्ट्रीय नमुना पाहणीत माणसाची वर्षभराची, आठवड्याची आणि दिवसाची स्थिती निरनिराळी मोजण्याचा प्रघात पडला. ही सुधारणा थोर होती, यात शंका नाही. परंतु कोणत्याही मापाने मोजा, कातकरी पुरुष व स्त्री ही दोघेही बहुतेक वेळा 'कामावर' असल्याचेच आढळते. जनगणनेत वर्षातील सहा महिने वा अधिक काळ काम करणारास मुख्य कामकरी म्हणतात, आणि वीटभट्टीचा हंगाम तर सहा-सात महिन्यांचा असतो. म्हणजे जनगणनेच्या तक्त्यात कातकरी पूर्ण रोजगार असलेला गृहस्थ ठरतो. शिवाय जनगणनेची शिरगणती फेब्रुवारी महिन्यात होते. २०११ साली ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि हा तर भट्ट्यांचा ऐन हंगाम! ज्या वेळी सरकारचा प्रगणक वाडीवर पोहोचतो, त्या वेळी वाडीत म्हातारी माणसे व कोंबड्या उरलेल्या असतात आणि धडधाकट माणूस तीन तालुके पलीकडे, कुणाच्या तरी भाड्याच्या शेतात, विटांच्या भोंग्यात, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, राहत असतो. तेथे तो मोजला गेला तर परका म्हणून, आणि न मोजला गेला तर मुळीच नाही. उपाशी असूनही बेकार न ठरणारा मनुष्य नियोजनाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून काम आहे किंवा नाही, हा प्रश्न येथे पुरेसा नाही. ते काम कोणत्या महिन्यात, कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या अटीवर पत्करले गेले, हे विचारले पाहिजे.

या अवस्थेचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील बरीच पाने सरकारी दप्तरातच लिहिली गेली आहेत. ज्या धंद्यावरून कातकऱ्यास त्याचे नाव मिळाले, तो कात करण्याचा धंदा एक पूर्ण कसब होता. खैर हेरून तोडावयाचा, बाहेरचे पांढरट लाकूड सोलून आतला तांबडा गाभा मोकळा करावयाचा, त्याच्या बारीक ढलप्या मडक्यांत उकळावयाच्या, तो अर्क गाळून व आटवून घट्ट करावयाचा आणि त्याच्या वड्या पाडून व्यापाऱ्यास घालावयाच्या, असा तो उद्योग. त्यात स्त्रीपुरुषांची कामे वाटलेली असत, रानातील झाडाची पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असे आणि धान्याच्या मोबदल्यात का होईना, वर्षाचे काही महिने त्यावर निभत असत. जोडीला डोंगरउतारावरची दळी होती. फांद्या तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरावयाची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलावयाची. १८७८ च्या वनकायद्याने या दोन्ही गोष्टींच्या मुळावर घाव घातला. राखीव व संरक्षित जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, खैर सरकारी मालमत्ता झाला, त्याच्या तोडीचे मक्ते देण्यात येऊ लागले आणि दळीस ठरावीक पट्ट्यांपुरती, तीही मेहेरबानी म्हणून, मुभा राहिली. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत मोहाची फुले वेचून बाळगणेही गुन्हा ठरले. मोह हे दारूचे साधन तर खरेच. पण टंचाईत तेच अन्न होते, ही गोष्ट अबकारी खात्याच्या हिशेबात बसली नाही. अवघ्या पंधरा वर्षांच्या अवधीत एका जमातीचे तिन्ही आधार कायद्याच्या कक्षेबाहेर गेले, आणि ती जमात जेव्हा रानात लाकूड तोडताना किंवा शेतातील कणसे खुडताना सापडू लागली, तेव्हा इंग्रजी अमदानीतील लेखकांनी तिच्या अंगी चोरीची प्रवृत्ती असल्याचा निर्वाळा दिला. या अवधीच्या मध्यातच, १८८२-८३ साली, प्रसिद्ध झालेले ठाणे व कुलाबा जिल्ह्यांचे गॅझेटिअर ज्याने वाचले आहे, त्यास हा स्वर परिचित असेल. ज्याचा धंदा काढून घेतला त्याच्याच स्वभावात दोष शोधण्याची ही रीत आजही गेलेली नाही. कातकरी आळशी, व्यसनी, कामचुकार, ही वाक्ये तालुक्याच्या कचेरीत अजून सहज कानी पडतात, आणि ती ऐकताना मनास यातना होतात. भल्या पहाटेपासून चिखल तुडविणाऱ्या माणसास आळशी म्हणावयाचे, हा केवढा अन्याय!

त्यानंतरचा धंदा कोळशाचा. मुंबईच्या चुली पेटत्या ठेवण्यासाठी जंगलातील कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, लिलावात घेणारे व्यापारी कातकऱ्यांस रानोरान नेऊ लागले. लाकूड रचून, माती लिंपून, दिवसरात्र भट्टीजवळ जागून कोळसा पाडणे हे जोखमीचे व कसबाचे काम त्यांनी आत्मसात केले आणि त्यासाठी ते घाट ओलांडून दूर देशापर्यंत जाऊ लागले. उचल घेऊन कुटुंबासह स्थलांतर करण्याची चाल या धंद्यात रुळली. पुढे घरोघर रॉकेल आणि गॅस आले, जंगलतोडीवर निर्बंध पडले आणि कोळशाचा धंदा आकसत गेला. परंतु उचलीची ती चाल मात्र तशीच्या तशी वीटभट्टीवर आली. मुंबई, कल्याण, भिवंडी, पनवेल ही शहरे जसजशी वाढली, तसतशी भाताच्या खाचरांतील माती विटांच्या रूपाने उभी राहिली, आणि ती माती मळून साच्यात घालणारे हात पुष्कळ ठिकाणी कातकऱ्यांचे होते.

आता जे लिहावयाचे, ते या विषयाचे मर्म आहे, म्हणून वाचकांनी त्यावर किंचित थांबावे अशी माझी विनंती आहे. कातकऱ्याचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही, आषाढात होते. ज्येष्ठात भट्टी बंद होऊन तो वाडीवर येतो. पहिल्या पावसात ओढ्यांना वर चढणारे वलगणीचे मासे, खाचरांच्या बांधांतले खेकडे, रानातला टाकळा, कुरडू, शेवळे, यांवर काही दिवस जातात. मग आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागते. तीन-चार आठवडे कुणब्या-आगऱ्यांच्या शेतात रोजंदारी मिळते, आणि या दिवसांत कातकरणीच्या हाताला जो वेग असतो तो पाहणाऱ्याने तिच्याविषयी अनुदार शब्द काढू नयेत. आवणी संपली की श्रावण-भाद्रपद येतात. पाऊस कोसळत असतो, रानात जाता येत नाही, मोळी ओली, बाजारहाट बंद, आणि भात अजून पोटरीत. घरात दाणा नसतो. नेमक्या याच वेळी भट्टीमालकाचा मुकादम छत्री घेऊन वाडीवर येतो आणि बयाणा देतो. रक्कम जोडीवर, म्हणजे नवराबायकोवर, दिली जाते. कागद असला तर त्यावर अंगठा उठतो, नसला तर वाडीदेखतचा शब्द पुरतो. त्या पैशांतून पोटाची खळगी भरते, आजाऱ्याचे औषध होते, गौरी-गणपती साजरे होतात, कुणाचे लग्न उरकते. अशा रीतीने पुढील सात महिन्यांच्या श्रमाचा करार, श्रमिकाची सौदा करण्याची शक्ती वर्षातून सर्वांत क्षीण असते त्या पंधरवड्यात होऊन जातो. हंगाम सुरू झाला की आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, तिची नोंद मालकाच्या वहीत होते. मजुरी हजार विटांवर. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर ते नुकसान कोणाच्या नावे पडावयाचे, हे वही ठेवणाराच ठरवितो. ज्येष्ठात हिशेब होतो. बयाणा वजा, खर्ची वजा, आणि जे उरते ते कधी मजुरास देणे तर कधी मजुराकडून येणे असते. येणे असले तर पुढील वर्षी त्याच भट्टीवर गेल्याखेरीज सुटका नाही.

या व्यवहारास कोणी बाजारभावाचा करार म्हणेल, त्याने भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आठवावेत. १९८२ च्या निर्णयात किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेल्या सक्तीच्या श्रमातच मोडते असे न्यायालयाने म्हटले. कारण दारिद्र्याची सक्ती हीही सक्तीच होय. १९८३ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने असे ठरविले की, मजुराकडून सक्तीने श्रम घेतले जात असल्याचे दिसून आले, तर त्यामागे काही उचल वा अन्य मोबदला आहे असेच गृहीत धरावे, आणि त्याच्या विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा तर या दोहोंच्या आधीचा. ठाणे जिल्ह्यात वसईच्या परिसरात विवेक पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन करून याच कायद्याच्या बळावर वेठबिगार मुक्त करविले, हे त्या चळवळीचे ऋण मान्य केले पाहिजे. त्याही पूर्वी, १९४५ पासून, डहाणू-तलासरी-उंबरगाव भागांत गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव केला होता. लग्नासाठी घेतलेल्या काही रुपयांपायी आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबणारा तो लग्नगडी आज नाहीसा झाला. परंतु वर्षाचे बंधन वर्षावर ढकलीत नेणारा बयाणा त्याच्याच वंशातला आहे, असे मला निश्चितपणे वाटते. कुलाब्यातील विखुरलेल्या कातकऱ्यांमध्ये वारल्यांइतकी सलग चळवळ उभी राहिली नाही. तथापि त्यांच्या अंगी धैर्य नव्हते असे मात्र कोणी समजू नये. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात जे हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता.

स्वातंत्र्यानंतर कोकणात जमिनीच्या संबंधांत फार मोठे परिवर्तन झाले. १९४८ चा कुळकायदा आला, खोती गेली, आणि चरीच्या संपात १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून झगडलेल्या शेतकऱ्यांच्या समाजास अखेर जमिनीची मालकी लाभली. हा लाभ न्याय्यच होता. पण तो लाभ कुळास झाला, आणि कातकरी कूळ नव्हता. तो कुळाचा किंवा खोताचा गडी होता. पीकपाहणीत ज्याचे नाव नाही, त्यास कायदा काय देणार? याचे दुसरे फळ १९७० नंतर दिसून आले. सिडको, कारखाने, बंदर यांसाठी भूसंपादन होऊ लागले, आणि प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरी, भूखंड वा भरपाई मागण्याचा अधिकार सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून ठरू लागला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या लढ्याने, हुतात्म्यांच्या बलिदानाने, भूमिपुत्रांना विकसित भूखंडाचा वाटा मिळवून दिला. त्याच शेतात मजुरी करणारा, त्याच खाडीत मासे धरणारा कातकरी मात्र कोणत्याही यादीत चढला नाही, कारण विस्थापित होण्यासाठीदेखील कागदोपत्री कोठे तरी स्थापित असावे लागते. औद्योगिक रोजगार दाराशी आला आणि सातबारा नसलेल्याच्या झोपडीवरून पुढे निघून गेला.

नोकऱ्यांतील आरक्षणाविषयी फार लिहीत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा आहेत. पण त्या सर्व जमातींच्या एकाच रांगेत कातकऱ्याचा मुलगा उभा राहतो तो बहुधा चौथी-पाचवीतच शाळा सुटलेला असा, कारण त्याचे शैक्षणिक वर्ष कार्तिकात भट्टीवर संपलेले असते. भट्टीवरील मुलांसाठी निघालेल्या भोंगाशाळांनी ही गळती काही ठिकाणी थोपविली, पण सर्वत्र नव्हे. आणि शिकलाच, तर जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणावयाचा कोठून? ज्याचा आजा कोळशाच्या भट्टीवर जन्मला आणि खैराच्या रानात वारला, त्याचे दप्तर कोणत्या तलाठ्याने ठेवले असेल?

महाराष्ट्राने साऱ्या देशास रोजगार हमीचा धडा दिला, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून वाढलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने बांधली गेली, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली आणि २००५ साली तिचेच तत्त्व राष्ट्रीय कायद्यात उतरले. परंतु ही योजना घडविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अवर्षणाचा महाराष्ट्र होता. उघड्या माळावरची खडी, पाझर तलाव, नालाबांध, उन्हाळ्यातील काम. उत्तर कोकणाची उपासमार पावसाची आहे. येथे मातीकाम निघते ते दिवाळीनंतर, म्हणजे ज्याने बयाणा घेतला तो भट्टीवर गेल्यानंतर. आणि मजुरी खात्यात जमा होते ती कित्येक आठवड्यांनी, तर मुकादमाची नोट भाद्रपदात हातावर पडते. या दोन यंत्रणांच्या स्पर्धेत सरकार हरते, याचे कारण कातकऱ्यांचे अज्ञान नसून कामाचे वेळापत्रक आहे. आदिवासी विकास महामंडळाच्या खावटीची योजना नेमकी या उणिवेसाठी होती. ती वेळेवर आणि पुरेशी पोहोचली असती, तर मुकादमास वाडीवरून रिकाम्या हाताने परतावे लागले असते. रोपवाटिका, वृक्षलागवड, दळीच्या पट्ट्यांची बांधबंदिस्ती, शेततळ्यांतील मत्स्यबीज अशी कामे भर पावसात चालू शकतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांचे दळीचे दावे मान्य झाले त्यांना ती स्वतःच्या जमिनीवर देता येतात. अशा कामांचा हजेरीपट श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात उघडावा आणि त्याची मजुरी आठवड्याच्या आठवड्यास चुकती व्हावी, यासाठी नवा कायदा लागत नाही. मामलेदाराची इच्छा आणि पूर्वतयारी लागते.

एक बाब मात्र या सर्वांच्या आधीची आहे. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या आजही गावठाणात नसून खासगी मालकीच्या जमिनीवर आहेत. जोवर त्या जमिनीस मोल नव्हते, तोवर मालकास स्वस्तातला गडी जवळ असणे सोयीचे होते. पनवेल-कर्जत-खालापुरात जमिनीचे भाव चढले, आणि वाडीभोवती कुंपणाच्या तारा आल्या. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जमीनमालकाच्या मर्जीवर उभे आहे, तो त्याच मालकाशी मजुरीचा दर ठरविताना मोकळ्या मनाने बोलू शकत नाही. तेव्हा घराखालच्या जागेचा हा प्रश्न मुळात रोजगाराचाच आहे. कुळकायद्यात शेतमजुराच्या राहत्या घराखालील जागेस संरक्षण देणारी कलमे आहेत, गावठाण वाढविण्याचे अधिकार महसूल खात्यास आहेत, आणि आदिम जमातींसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेतून घरे मंजूर होत आहेत. पण ती घरे बांधावयास जागा कोणाच्या नावे आहे, असे विचारताच कागद अडतो. म्हणून रायगड, ठाणे आणि पालघर या तिन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक कातकरवाडीची मोजणी होऊन, वाडीखालची जमीन वाडीकरांच्या नावे चढविणारे फेरफार तालुक्यातालुक्यांत मुदत घालून मंजूर व्हावेत, ही मागणी मी कारखान्यांतील नोकऱ्यांच्याही आधी मांडतो. आणि पुढील प्रकरणांतील मजुरीचे व स्थलांतराचे तपशील वाचताना वाचकांनी प्रत्येक वाडीबाबत ती जमीन कोणाची, हा प्रश्न प्रथम विचारावा, अशी त्यांना विनंती करतो.